गॅम्बिया २०१६: जिंकलेला राष्ट्राध्यक्ष आणि खुर्ची यांच्यातले पन्नास दिवस

पश्चिम आफ्रिकेतला गॅम्बिया हा नदीकाठचा चिंचोळा देश. तीन बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला अटलांटिक महासागर, वस्ती तेव्हा वीस लाखांच्या आसपास. १ डिसेंबर २०१६ रोजी तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी अदामा बॅरो विजयी झाल्याचं जाहीर झालं. राष्ट्राध्यक्ष म्हणून ते मायदेशी उतरले ते मात्र २६ जानेवारी २०१७ रोजी. मधल्या काळात हरलेल्या राष्ट्राध्यक्षांनी आधी हार कबूल केली, मग आठवड्याभरात तो शब्द मागे घेतला. हजारो कुटुंबं घरदार टाकून सीमेपलीकडे गेली. नव्या राष्ट्राध्यक्षांना शपथ घ्यावी लागली ती शेजारच्या देशात, स्वतःच्याच वकिलातीच्या एका छोट्या खोलीत.

निवडणुकांबद्दल आपण खूप वाचतो, बोलतो, पण आपली चर्चा निकालाच्या संध्याकाळी थांबते. गुलाल उधळला की विषय संपला. निकाल आणि शपथविधी यांच्यामधल्या दिवसांत सत्ता कोणाच्या हातात असते, तिजोरीची किल्ली कोणाकडे, बंदूक कोणाकडे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. गॅम्बियात हे सगळे प्रश्न एकदम उभे राहिले. माझं मत असं की तिथला निकाल टिकला तो मुख्यतः मोजणीच्या पद्धतीमुळे. शेजारी देशांचं सैन्य त्यानंतर आलं. आणि तो निकाल धोक्यात आला तो हरलेल्या माणसाच्या हट्टाइतकाच एका रिकाम्या पडलेल्या न्यायालयामुळे.

आधीची बावीस वर्षं

याह्या जामेह २२ जुलै १९९४ रोजी लष्करी उठाव करून सत्तेवर आले. तेव्हा ते लेफ्टनंट होते, वय २९. स्वातंत्र्यापासून देश चालवणाऱ्या दाउदा जावारा यांना त्यांनी हटवलं. मग गणवेश उतरवून १९९६, २००१, २००६ आणि २०११ अशा चार निवडणुका जिंकल्या. पत्रकार गायब होत, विरोधक तुरुंगात जात. एड्स बरा करण्याचं औषध आपल्याकडे आहे असा दावा राष्ट्राध्यक्षच करत. अल्लाची मर्जी असेल तर आपण अब्ज वर्षं राज्य करू, असं त्यांनी बीबीसीला सांगितलं होतं.

एप्रिल २०१६ मध्ये निवडणूक सुधारणांच्या मागणीसाठी छोटासा मोर्चा निघाला. त्यातले विरोधी कार्यकर्ते सोलो सांदेंग यांचा कोठडीत मृत्यू झाला. त्याचा जाब विचारायला युनायटेड डेमोक्रॅटिक पार्टीचे ज्येष्ठ नेते उसैनू दार्बो रस्त्यावर उतरले, तर त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. आपला मुख्य नेताच तुरुंगात गेल्यावर विरोधकांना एकत्र येण्यावाचून मार्ग उरला नाही. सात पक्षांनी आघाडी केली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस अदामा बॅरो यांना उमेदवार ठरवलं. बॅरो जमीनजुमल्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ. तरुणपणी लंडनला एका मोठ्या दुकानात सुरक्षारक्षक म्हणून काम केलेलं, सार्वजनिक पदाचा अनुभव शून्य. योगायोग असा की जामेह आणि बॅरो दोघांचा जन्म १९६५ चा, आणि गॅम्बिया स्वतंत्र झाला तेही १९६५ सालीच.

जामेह यांनी स्वतःच केलेला एक बदल इथे महत्त्वाचा आहे. गॅम्बियात पूर्वी कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी होत असे. जामेह यांच्या काळात २००१ च्या घटनादुरुस्तीने ती फेरी रद्द झाली, ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. विरोधक विखुरलेले असताना ही तरतूद सत्ताधाऱ्याच्या सोयीची होती. विरोधक एकत्र येतील हे तेव्हा कोणी धरलंच नव्हतं.

गोटी आणि घंटी

गॅम्बियात मतपत्रिका नसते, यंत्रही नसतं. तिथे गोटीने मतदान होतं. साक्षरता कमी असलेल्या देशासाठी इंग्रजांच्या काळाच्या अखेरीस आणलेली ही पद्धत आजवर टिकली आहे. ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे.

मतदाराची ओळख पटली की त्याच्या हातावर काचेची एक गोटी ठेवली जाते. आडोशामागे पत्र्याचे ड्रम ओळीने मांडलेले असतात, प्रत्येक उमेदवाराचा एक. ड्रम उमेदवाराच्या रंगात रंगवलेला, त्यावर फोटो आणि चिन्ह. २०१६ मध्ये जामेह यांचा ड्रम हिरवा होता, बॅरो यांचा करडा, तर तिसरे उमेदवार मामा कांदे यांचा जांभळा. ड्रमच्या वरच्या बाजूला एक नळी असते. मतदार गोटी त्या नळीत सोडतो, ती आत घरंगळत जाऊन घंटीवर आपटते आणि टण्ण असा आवाज येतो. बाहेर बसलेले कर्मचारी आणि उमेदवारांचे प्रतिनिधी कान देऊन असतात. एक माणूस आत गेला की एकच टण्ण यायला हवा. दोनदा वाजलं तर आत कोणी खिशातून आणलेली जास्तीची गोटी टाकली, हे लगेच कळतं. ड्रमच्या तळाशी वाळू किंवा लाकडाचा भुसा घालतात, म्हणजे आधीच्या गोट्यांवर आपटून दुसरा आवाज निघू नये. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकल आणायला बंदी असते, कारण सायकलची घंटी थेट तशीच वाजते.

मोजणीसाठी खळगे पाडलेले ट्रे असतात, काही दोनशे खळग्यांचे, काही पाचशेंचे. प्रत्येक खळग्यात एक गोटी. ट्रे भरला की समोर बसलेल्या कोणालाही, अक्षरओळख नसली तरी, नजरेनेच आकडा कळतो. २०१६ मध्ये ही मोजणी चौदाशेहून जास्त मतदानकेंद्रांवर, मतदान संपल्यावर तिथल्या तिथे, सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर झाली. आकड्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या.

आपल्याकडे मतदान संपताना पक्षाच्या प्रतिनिधीला फॉर्म १७-सी मिळतो. त्यात त्या यंत्रात किती मतं पडली ते कळतं. कोणाला किती पडली ते मोजणीच्या दिवशी मोजणीकेंद्रावर कळतं. गॅम्बियात प्रत्येक केंद्रावरच्या प्रतिनिधीच्या हाती रात्रीच निकाल असतो. मतदानाच्या दिवशी सरकारने इंटरनेट आणि परदेशी फोन बंद करून ठेवले होते, युरोपीय महासंघाचे निरीक्षक आलेच नव्हते, आणि तरी हजारो सामान्य माणसांना आपापल्या केंद्रावर काय झालं ते डोळ्यांनी पाहून ठाऊक होतं. राजधानीत बसून हा निकाल फिरवायचा म्हटलं तरी इतक्या साक्षीदारांचं करायचं काय, हा प्रश्न उरलाच असता.

निकाल, आणि बेरजेतली चूक

२ डिसेंबर, शुक्रवार. स्वतंत्र निवडणूक आयोगाचे अध्यक्ष अल्यू मोमार न्जाय यांनी बॅरो विजयी झाल्याचं जाहीर केलं. बावीस वर्षं सत्तेत असलेल्या माणसाने नेमलेल्या आयोगाच्या वयोवृद्ध अध्यक्षाने कॅमेऱ्यासमोर बसून हा आकडा वाचणं साधं नव्हतं. आधी जाहीर झालेले आकडे होते बॅरो २,६३,५१५ आणि जामेह २,१२,०९९.

तीन दिवसांनी, ५ डिसेंबरला, आयोगाने स्वतःहून सांगितलं की बेरजेत चूक झाली आहे. दुरुस्त आकडे आले: बॅरो २,२७,७०८, जामेह २,०८,४८७, कांदे ८९,७६८. फरक ५१ हजारांवरून १९,२२१ वर आला. विजेता बदलला नाही, पण बॅरो ४३.३ टक्क्यांवर आले. दुसऱ्या फेरीची जुनी तरतूद शाबूत असती, तर बॅरो यांना पुन्हा मतदाराकडे जावं लागलं असतं, आणि तोवर पोलीस, लष्कर, दूरचित्रवाणी सगळं जामेह यांच्याच हाती राहिलं असतं.

ही दुरुस्ती जाहीर करायला नको होती असं काहींचं म्हणणं. मला ते मुळीच पटत नाही. चूक लपवली असती आणि नंतर उघड झाली असती, तर आयोगाचा शब्दच संपला असता. पण या प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागली हेही खरं आहे.

पहिला आठवडा: फोन आणि त्यावरचा भरवसा

२ डिसेंबरच्या रात्री सरकारी वाहिनीवर जे दिसलं त्यावर गॅम्बियातल्या लोकांचा विश्वास बसेना. पांढऱ्या पायघोळ वेशातले जामेह कॅमेऱ्यासमोर बॅरो यांना फोन लावत होते. तुम्ही निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आहात, माझ्या तुम्हाला शुभेच्छा, निकालाला मी आव्हान देणार नाही, अशा आशयाचं ते बोलले, हसले. रस्त्यांवर लोक नाचले. जामेह यांचे फलक खाली ओढले गेले. ५ डिसेंबरला दार्बो आणि आणखी १८ जणांची जामिनावर सुटका झाली. कुटुंबांनी त्यांना मिरवत घरी नेलं.

त्या फोनला कायद्याने काहीच अर्थ नव्हता. जमिनीचा व्यवहार तोंडी ठरला, हातात हात दिले, चहा झाला, तरी सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत जमीन आधीच्याच मालकाची, तसंच हे. गॅम्बियाच्या घटनेप्रमाणे नवा राष्ट्राध्यक्ष पद स्वीकारतो ते आधीच्याची मुदत संपते त्या दिवशी. जामेह यांची मुदत १९ जानेवारीला संपत होती. म्हणजे तोवर सैन्याचे सरसेनापती तेच, मंत्रिमंडळ त्यांचं, गुप्तचर खातं त्यांचं. बॅरो यांच्याकडे सुरुवातीला धड सशस्त्र पहाराही नव्हता, तरुण कार्यकर्ते आळीपाळीने घराशी थांबत. हस्तांतराची ठरलेली सरकारी व्यवस्था नाही, कारण देशाच्या इतिहासात मतपेटीतून सत्तांतर कधी झालेलंच नव्हतं.

या आठवड्यात आघाडीची मोठी चूक झाली असं बरेच अभ्यासक मानतात. ७ डिसेंबरला आघाडीच्या नेत्या फातुमाता तांबाजांग यांची मुलाखत ब्रिटनच्या ‘गार्डियन’मध्ये आली. जामेह यांच्यावर खटला चालेल, वर्षभराच्या आत चालेल, त्यांना देश सोडू देऊ नये, असं त्या म्हणाल्या. दोनच दिवसांनी जामेह फिरले. त्यामुळे त्या मुलाखतीवर सगळं खापर फोडणं सोपं झालं.

मला हे खापर अन्यायाचं वाटतं. ज्या देशात माणसं कोठडीत मारली गेली होती, तिथे न्यायाची भाषा करायची नाही तर कधी करायची? शिवाय जामेह यांना आपण काय केलं आहे ते मुलाखत वाचून कळणार नव्हतं. लष्करातल्या आणि गुप्तचर खात्यातल्या ज्यांचे हात त्या कृत्यांत बरबटलेले होते, त्यांनाही ते माहीत होतं. मुलाखतीने फार तर घाई झाली. आघाडीची खरी उणीव वेगळीच होती. फोन आला म्हणजे सत्ता आली असं धरून तो अख्खा आठवडा गेला. जामेह यांचं तोंडी आश्वासन साक्षीदारांसमोर कागदावर उतरवून घ्यायला, सेनादलप्रमुखांना जाहीरपणे बांधून घ्यायला, शेजारी राष्ट्रप्रमुखांना मध्यस्थ म्हणून बोलवायला हाच आठवडा होता. नंतर हे सगळं करावं लागलंच, पण सीमेवर रणगाडे आल्यावर.

९ डिसेंबर

त्या रात्री जामेह पुन्हा पडद्यावर आले. निकाल आपण पूर्णपणे फेटाळतो, देवाला भिऊन वागणाऱ्या स्वतंत्र आयोगाच्या देखरेखीखाली नवी निवडणूक घ्यावी, अशी मागणी त्यांनी केली. आधार म्हणून पुढे केली ती आयोगाने स्वतःहून दुरुस्त केलेली बेरीज.

मागणी नीट वाचली की हेतू दिसतो. शंका बेरजेची असेल, तर चौदाशे केंद्रांवरच्या सह्यांच्या प्रती समोर ठेवून ती फार लवकर मिटवता आली असती. जामेह यांनी ती मोजणी नव्याने मागितली नाही. त्यांनी सगळी निवडणूकच नव्याने मागितली.

योगायोग पाहा: ९ डिसेंबरलाच जवळच्या घाना देशात राष्ट्राध्यक्ष जॉन महामा आपली निवडणूक हरले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी हार मान्य केली. चार दिवसांनी, १३ डिसेंबरला, पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेचं शिष्टमंडळ जामेह यांची समजूत घालायला राजधानी बांजुलला पोचलं, तेव्हा लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सर्लीफ, नायजेरियाचे मुहम्मदू बुहारी आणि सिएरा लिओनचे अर्नेस्ट बाय कोरोमा यांच्याबरोबर महामाही होते. हरल्यावर काय करायचं असतं हे सांगण्याचा अधिकार त्या खोलीत त्यांच्याइतका कोणालाच नव्हता. बुहारी तर नायजेरियात सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाला मतपेटीतून हरवून आलेले, तो पायंडा २०१५ चा.

शिष्टमंडळ हात हलवत परतलं. त्याच दिवशी सैनिकांनी निवडणूक आयोगाच्या कार्यालयाचा ताबा घेतला. पुढे न्जाय यांनाही जिवाच्या भीतीने सेनेगलला जावं लागलं. सेनादलप्रमुख उस्मान बाजी यांनी आधी बॅरो यांना निष्ठेचा शब्द दिला होता, तेही आता जामेह यांच्या बाजूने बोलू लागले.

न्यायाधीशच नसलेलं न्यायालय

१३ डिसेंबरलाच जामेह यांच्या पक्षाने सर्वोच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. घटनेत त्यासाठी दहा दिवसांची मुदत आहे, त्यामुळे वरकरणी हा मार्ग अगदी कायदेशीर. पण सर्वोच्च न्यायालय २०१५ च्या मध्यापासून बसलंच नव्हतं. जामेह यांनी न्यायाधीश काढून टाकलेले, जागा भरलेल्या नाहीत. खंडपीठ पुरं करायला नायजेरिया आणि सिएरा लिओनमधून न्यायाधीश बोलवावे लागणार होते. लहान देशांत बाहेरचे न्यायाधीश घेण्याची तिथे जुनी रीत आहे. ते न्यायाधीश आले नाहीत. सरन्यायाधीश इमॅन्युएल फागबेनले, जे स्वतः नायजेरियाचे, त्यांनी १० जानेवारीला सांगितलं की मे महिन्याआधी सुनावणी होणं शक्य दिसत नाही.

जामेह यांचा युक्तिवाद यातूनच उभा राहिला: न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत कोणी शपथ घ्यायची नाही, तोवर मी आहे तिथेच राहणार. ज्या न्यायालयाला त्यांनीच रिकामं केलं, त्याच न्यायालयाची वाट पाहायला ते देशाला सांगत होते. शपथविधी रोखण्याचा हुकूम मिळावा म्हणूनही अर्ज झाला. फागबेनले यांनी त्या सुनावणीतून १६ जानेवारीला अंग काढून घेतलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो. रणगाडा दिसतो, त्यावर बातमी होते. न्यायाधीशाची जागा दीड वर्षं रिकामी राहते, त्यावर कोणी मोर्चा काढत नाही, आणि ऐन वेळी तीच रिकामी जागा कामाला येते.

लोक, आणि शेजारी

जानेवारीच्या सुरुवातीला खासगी रेडिओ केंद्रं बंद करण्यात आली. ‘गॅम्बिया हॅज डिसायडेड’ असं छापलेले टीशर्ट रस्त्यावर दिसू लागले आणि ते घातल्याबद्दल, विकल्याबद्दल अटका झाल्या. वकील संघटना, शिक्षक, डॉक्टर, विद्यापीठातले प्राध्यापक एकेक करून जाहीर पत्रकं काढत गेले. परदेशातल्या गॅम्बियन राजदूतांनी जामेह यांना पायउतार व्हायला सांगितलं. माहितीमंत्री शरीफ बोजांग राजीनामा देऊन सेनेगलच्या राजधानीत, डकारला निघून गेले, मग आणखी मंत्री गेले, १८ जानेवारीला उपराष्ट्राध्यक्षा इसातू न्जाय-सैदी यांनीही राजीनामा दिला.

या राजीनाम्यांना मी फार महत्त्व देतो. खुर्चीला चिकटलेला माणूस एकटा काहीच करू शकत नाही. त्याला कागदावर सही करणारा मंत्री लागतो, बातमी वाचणारा निवेदक लागतो, नाक्यावर उभा राहणारा शिपाई लागतो. डिसेंबरमध्ये हे सगळे जामेह यांच्याकडे होते, जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यातले बरेच सुटले.

सामान्य लोकांनी मात्र गाठोडी बांधून घर सोडायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या अंदाजाने सुमारे ४५,००० माणसं सेनेगलमध्ये गेली, त्यात लहान मुलं फार मोठ्या संख्येने. हिवाळ्यातल्या पर्यटनावर तगणाऱ्या किनारपट्टीवरून ब्रिटिश पर्यटकांना खास विमानांनी परत नेलं गेलं. हॉटेलं रिकामी झाली.

बॅरो १३ जानेवारीला इकोवासच्या नेत्यांबरोबर मालीला गेले, तिथून डकारला. सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी त्यांना ठेवून घेतलं. ते डकारला असतानाच त्यांचा आठ वर्षांचा मुलगा कुत्र्याने चावल्याने बांजुलजवळ दगावला. सुरक्षेच्या कारणाने बापाला दफनालाही जाता आलं नाही. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या देशात स्वतःच्या लेकराला माती देता येत नाही, अशी ती अवस्था होती.

१३ जानेवारीलाच आफ्रिकी महासंघाने जाहीर केलं की १९ तारखेपासून जामेह यांना राष्ट्राध्यक्ष मानणार नाही. उत्तरादाखल जामेह यांनी १७ तारखेला आणीबाणी पुकारली. संसदेने ती ९० दिवसांसाठी मंजूर करून त्यांची मुदतही तीन महिन्यांनी वाढवली.

१९ ते २१ जानेवारी

१९ जानेवारी, गुरुवार. डकारमधल्या गॅम्बियाच्या वकिलातीत दाटीवाटीने माणसं उभी होती, राजदूत, इकोवासचे अधिकारी, पत्रकार. गॅम्बियाच्या वकील संघटनेचे अध्यक्ष शरीफ तांबाडू यांनी बॅरो यांना शपथ दिली. वकिलातीत शपथ घेणं हे विचारपूर्वक केलेलं होतं, स्वतःच्या राष्ट्रध्वजाखाली उभं राहता यावं म्हणून. पहिल्याच भाषणात बॅरो यांनी सरसेनापती या नात्याने सैनिकांना बराकीतच राहण्याचा आदेश दिला.

त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २३३७ एकमताने मंजूर केला. या ठरावाबद्दल चुकीची समजूत बरीच आहे. त्याने बळाच्या वापराला थेट परवानगी दिली नव्हती. इकोवासच्या प्रयत्नांना पाठिंबा दिला होता, आणि तोही आधी राजकीय मार्गाने अशी अट घालून. सैन्य पाठवण्याची विनंती आता कायदेशीर राष्ट्राध्यक्ष बॅरो स्वतः करू शकत होते, हा खरा आधार. शपथविधी घाईने, पण नेमक्या त्याच दिवशी का घेतला, याचं उत्तर इथे आहे.

संध्याकाळी सेनेगल, नायजेरिया, घाना आदी देशांचे सैनिक सीमा ओलांडून आत आले. इकोवासच्या मते एकूण सात हजारांची तयारी होती. सेनादलप्रमुख बाजी यांनी आधल्या दिवशीच पत्रकारांना सांगून टाकलं होतं की या मूर्खपणाच्या लढाईत मी माझे जवान उतरवणार नाही. जवळपास लढाई झालीच नाही. सैन्य थांबवून गिनीचे राष्ट्राध्यक्ष अल्फा कोंदे आणि मॉरिटानियाचे मोहम्मद ओल्द अब्देल अझीझ यांना शेवटची बोलणी करायला वेळ दिला गेला. २१ जानेवारीच्या पहाटे जामेह यांनी दूरचित्रवाणीवरून पद सोडत असल्याचं सांगितलं आणि रात्री कोंदे यांच्याबरोबर विमानात बसून गिनीमार्गे इक्वेटोरियल गिनीला गेले. त्यांच्या आलिशान गाड्या मालवाहू विमानातून मागोमाग गेल्या.

इकोवास, आफ्रिकी महासंघ आणि संयुक्त राष्ट्रांच्या संयुक्त निवेदनात जामेह यांची सुरक्षितता, प्रतिष्ठा आणि कायदेशीर मालमत्ता राखण्याची हमी होती. पीडितांच्या कुटुंबांना ते शब्द झोंबले आणि ते साहजिकच होतं. पण रक्तपात टाळण्यासाठी दार उघडं ठेवावं लागलं, हेही मला मान्य आहे. बॅरो यांनी नंतर सांगितलं की हे निवेदन म्हणजे गुन्ह्यांना माफी नव्हे. पुढे जामेह यांच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणारा सत्य आयोग नेमला गेला, २०१९ पासून त्याच्यासमोर साक्षी झाल्या आणि मारेकऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने कबुल्या दिल्या. गॅम्बियन कुटुंबं त्या दूरचित्रवाणीवर थेट पाहत होती.

त्यानंतर

बॅरो यांनी १८ फेब्रुवारी २०१७ रोजी, स्वातंत्र्यदिनी, बकाऊच्या स्टेडियममध्ये भरगच्च गर्दीसमोर पुन्हा शपथ घेतली. पण आघाडी करताना एक शब्द दिला होता: तीनच वर्षं पदावर राहायचं, सुधारणा करायच्या आणि नवी निवडणूक घ्यायची. घटनेत मुदत पाच वर्षांची. बॅरो यांनी पाच वर्षं पूर्ण केली, आघाडी फुटली, दार्बो विरोधात गेले. ‘थ्री इयर्स जोत्ना’, म्हणजे तीन वर्षं भरली, अशी हाक देत लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २०२० मध्ये त्या चळवळीवर बंदी आली. २०१६ ला जे तरुण टीशर्ट घालून बाहेर पडले होते, त्यांच्यातले काही या मोर्च्यांतही होते. त्यांचा राग मला रास्त वाटतो. जामेह यांचा फोन जसा कायद्याच्या बाहेरचा होता, तसाच आघाडीचा हा करारही कायद्याच्या बाहेरचाच होता, आणि या वेळी शब्द मोडणारा जिंकलेल्या बाजूचा होता.

४ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा गोट्यांनी मतदान झालं. बॅरो सुमारे ५३ टक्के मतं घेऊन जिंकले. दुसऱ्या क्रमांकावरच्या दार्बो यांनी निकाल नाकारला आणि त्यांच्या पक्षाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. या वेळी न्यायाधीश जागेवर होते. २८ डिसेंबरला न्यायालयाने याचिका फेटाळली, त्याविरुद्ध कोणी सैन्य बाहेर काढलं नाही, आणि १९ जानेवारी २०२२ रोजी बॅरो यांचा दुसरा शपथविधी गॅम्बियातच झाला.